हजेरीपटाची गोष्ट

स्नेहमेळावा ठरला तेव्हा समितीनं यादीचं काम माझ्याकडे दिलं. 'तू कॉम्प्युटरवाली, तूच कर,' एवढंच कारण. आठवी ते दहावी अशा तीन वर्षांचे आपल्या तुकडीचे हजेरीपट शाळेच्या कार्यालयात अजून आहेत. शिपाईकाकांनी ते माळ्यावरून काढून दिले, मी मोबाईलवर पानांचे फोटो घेतले आणि घरी येऊन एक्सेलमध्ये नावं भरायला बसले. नावांपुढे तीन रकाने केले : येणार, येणार नाही, संपर्क झाला नाही. चार-पाच संध्याकाळी फोन करण्यात गेल्यावर लक्षात आलं, की १९९६ साली दहावी होऊन बाहेर पडलेल्या सगळ्यांची मी पुन्हा एकदा हजेरी घेतेय. तेव्हा बाईंना सबंध वर्गाची हजेरी घ्यायला पाच मिनिटं पुरत. आता एकेका नावाला अर्धा तास लागतो, कारण प्रत्येकाला विचारावं लागतं, 'इतकी वर्षं कुठे होतास?'

शाळेचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिला आहे. मी हजेरीचा इतिहास लिहिते. मी इतिहासाची अभ्यासक नाही, अभियांत्रिकी शिकलेली आहे. पण हजेरी हा विषय माझ्या नोकरीत एकदा असा समोर आला, की त्याचं मूळ शोधत मला दोनशे वर्षं मागे जावं लागलं. ती नोकरीतली गोष्ट शेवटी सांगेन. आधी इतिहास.

उचलबांगडी

'हजेरी' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि शाळेच्या आधी तो फौजेत आणि दरबारात रुळला. किती माणसं कामावर उभी आहेत हे मोजल्याशिवाय पगार वाटता येत नाही, म्हणून हजेरी. शाळेत तो शब्द आला तेव्हा त्याच्याबरोबर धाकही आला. म्हणून तर मराठीत 'त्याची चांगली हजेरी घेतली' म्हणजे त्याला झापलं.

इंग्रजी अमलाआधीच्या पंतोजींच्या शाळेत छापील हजेरीपट नव्हता, पण गैरहजेरीवर उपाय होता. शाळा चुकवून लपलेल्या पोराला आणायला पंतोजी चार धट्टीकट्टी मुलं पाठवत. ती त्याचे हात-पाय धरून त्याला अधांतरी उचलून शाळेत आणत. 'उचलबांगडी' म्हणतात ती हीच. आज तो शब्द आपण बदली झालेल्या अधिकाऱ्यासाठी वापरतो.

उशिरा येणाऱ्यांसाठीही पद्धत होती. बेल्लारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल यानं १८२३ मध्ये तिथल्या गावठी शाळांबद्दल सरकारला अहवाल दिला. त्यात तो लिहितो, की सकाळी सर्वांत आधी येणाऱ्या मुलाच्या तळहातावर सरस्वतीचं नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य काढत, म्हणजे ना कौतुक ना शिक्षा. तिसऱ्याला एक हलकी छडी, चौथ्याला दोन, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला एकेक वाढवत. आम्हा प्रोग्रामर मंडळींना हे गणित लगेच कळतं. वर्गात चाळीस मुलं असतील तर शेवटच्याला अडतीस. मला नेहमी वाटतं, की तो चाळिसावा मुलगा दारापर्यंत येऊन, आतले आवाज ऐकून, तसाच मागे फिरत असेल. उशीर होऊ नये म्हणून केलेल्या नियमानं गैरहजेरी वाढली असणार.

पैसे देऊन आणि दगड खाऊन

पुण्यातल्या सरकारी उच्च शिक्षणाची सुरुवात मात्र उलट्या टोकाला झाली. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवाई संपून तीनच वर्षं झाली होती. पेशवे विद्वानांना दक्षिणा वाटत. त्या दक्षिणेच्या रकमेतला काही भाग नव्या सरकारनं पाठशाळेकडे वळवला आणि विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावेतन सुरू केलं. फी नाही, उलट येण्याबद्दल पैसे. याच पाठशाळेतून पुढे पूना कॉलेज आणि त्यातून डेक्कन कॉलेज झालं. म्हणजे आपल्या शहरातल्या पहिल्या सरकारी कॉलेजात मुलांना पगार देऊन बसवत होते. पण कोणाला, हेही पाहायला हवं. ती दारं ब्राह्मण मुलांसाठी होती. बाकीच्यांची गैरहजेरी कोणी मांडतच नव्हतं, कारण त्यांचं नावच पटावर नव्हतं.

ते नाव पटावर आणण्याचं काम विश्रामबागवाड्यापासून जवळच, बुधवार पेठेत झालं. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. शाळेत जाताना सावित्रीबाईंवर लोक शेण-चिखल टाकत, म्हणून त्या जास्तीचं लुगडं बरोबर नेत, ही आठवण आपल्याला लहानपणापासून सांगितली गेली आहे. हजेरीच्या नजरेनं पाहिलं तर ही गोष्ट शिक्षिकेच्या हजेरीची आहे. बाई रोज आल्या, म्हणून मुली येऊ शकल्या.

जोतीरावांना गैरहजेरीचं कारणही नेमकं ठाऊक होतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. त्याच निवेदनात त्यांनी हेही मांडलं, की गरीब शेतकऱ्याला गुरं राखायला आणि शेत सांभाळायला मुलांचे हात लागतात. म्हणून नुसती फी माफ करून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसंही द्यायला हवीत. मूल शाळेत आलं की घराचं काय बुडतं, याचा हिशेब सरकारी कागदावर मांडणारा माणूस आपल्या गंज पेठेत राहत होता.

एक रुपया

जोतीरावांची सक्तीची मागणी तिथेच विरली. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. ब्रिटिश हिंदुस्थानात तसं व्हावं म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदे मंडळात विधेयक आणलं. फर्ग्युसनमध्ये अनेक वर्षं शिकवलेला हा प्राध्यापक. त्यांचा विचार फार सावध होता. जिथे शाळेत जाण्याच्या वयाची साधारण ३३ टक्के मुलं आधीच शाळेत येत आहेत, तिथेच सक्ती करावी, असं त्यांचं म्हणणं. जिथे कोणीच येत नाही तिथे सक्ती म्हणजे फक्त दंड वसुली होईल, हे त्यांना दिसत होतं. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं.

कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. त्या काळी मजुराच्या घरात रुपया ही मोठी रक्कम होती. पण याच शाहू महाराजांनी पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, आणखी एक हुकूम काढला. महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींच्या लोकांना रोज गावचावडीवर जाऊन पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जातीत जन्मले म्हणून. ती हजेरी महाराजांनी बंद केली. शाळेची हजेरी सक्तीची आणि पोलिसांची हजेरी बंद, हे दोन हुकूम एका वर्षाच्या अंतरानं एकाच राजानं काढले. हजेरी कुठे द्यायला लावता, यावरून राज्य ओळखावं. ब्रिटिश हिंदुस्थानातला गुन्हेगार जमातींचा कायदा मात्र १९५२ मध्ये, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी रद्द झाला.

रुपयाची गोष्ट इथे संपत नाही. १९९२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं उपस्थिती भत्ता सुरू केला. दारिद्र्यरेषेखालच्या मागास घटकांतली पहिली ते चौथीतली मुलगी शाळेत आली, तर दिवसाला एक रुपया. वर्षाचे जास्तीत जास्त २२० रुपये, अट ७५ टक्के हजेरीची. आपण तेव्हा सहावीत होतो. शाहूंनी न येण्याबद्दल रुपया घेतला, पंचाहत्तर वर्षांनी सरकारनं येण्याबद्दल रुपया दिला. आपण दहावीत असताना, १५ ऑगस्ट १९९५ पासून, देशभर पोषण आहार योजना आली. सुरुवातीला ८० टक्के हजेरी असणाऱ्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य मिळे. महापालिकेच्या शाळेतली मुलं तांदळाची पिशवी घेऊन घरी जाताना आपण पाहिली आहेत. शाळेतच शिजवलेली खिचडी नंतर, २००१ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे आली. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. त्यात 'सक्ती' या शब्दाचा अर्थच उलटला. मूल शाळेत यावं ही जबाबदारी त्यात सरकारवर टाकलेली आहे.

टर्म भरणे

आता कॉलेजकडे येते, कारण खरी कुरकुर तिथलीच आहे. आपल्यातले सात-आठ जण आज प्राध्यापक आहेत आणि यादीसाठी फोन केला तेव्हा त्यातल्या प्रत्येकानं हेच सांगितलं : 'वर्ग रिकामे असतात गं.'

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं, लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. गंमत म्हणजे लंडननं पुढच्याच वर्षी आपल्या परीक्षा कॉलेजात न गेलेल्यांनाही खुल्या केल्या. आपल्याकडे मात्र संलग्न कॉलेजात 'टर्म भरल्या'चा दाखला हवाच, ही अट राहिली. 'टर्म भरली', 'टर्म मिळाली नाही' हे शब्द आपल्या आजोबांपासून आपल्यापर्यंत तसेच चालत आले ते त्यामुळे. सरकारी नोकरीची वाट पदवीतून जात होती, पदवीची वाट टर्ममधून आणि टर्मची वाट हजेरीपटातून.

तेव्हाही बुडवणारे होते. डेक्कन कॉलेजात आलेल्या टिळकांनी पहिलं वर्ष अभ्यासापेक्षा शरीर कमावण्यात घालवलं, हे त्यांच्या सगळ्या चरित्रांत आहे. पुढे काय झालं ते सांगायला नको. पण प्रत्येक तालमीत जाणारा टिळक होत नाही, असं आपले सर यावर म्हणायचे, तेही इथे नोंदवून ठेवते.

१९२० च्या असहकारात गैरहजेरीला वेगळाच अर्थ आला. सरकारी शाळा-कॉलेजांवर बहिष्कार घाला, अशी हाक गांधीजींनी दिली. अनेक मुलांनी कॉलेज सोडलं आणि त्यांच्यासाठी पुण्यात १९२१ मध्ये टिळक महाराष्ट्र विद्यापीठ उभं राहिलं. १९४२ मध्ये पुन्हा तेच झालं. त्या काळच्या पटावर अशा मुलांपुढेही गैरहजेरीचीच खूण पडली असेल. ताप आलेल्याची, सिनेमाला गेलेल्याची आणि तुरुंगात गेलेल्याची खूण एकच.

काही जण न येण्याचं कारण पोटाशी होतं. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला गरीब मुलगा वार लावून जेवत असे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास. माधुकरीच्या वेळा आणि तासांच्या वेळा जुळत नसत. १९०९ मध्ये सुरू झालेलं अनाथ विद्यार्थी गृह आणि १९५५ मध्ये सुरू झालेली विद्यार्थी सहाय्यक समिती या पुण्यातल्या दोन संस्थांनी जेवण आणि निवारा देऊन किती मुलांची हजेरी टिकवली असेल, याची मोजदाद कुठल्या पटावर नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला कॉलेज काढलं ते 'कमवा आणि शिका' या पायावर. काम आणि तास यांतलं एक निवडावं लागू नये, म्हणून त्यांनी काम कॉलेजातच आणलं.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं. नोकरी करणाऱ्यांसाठी आणि गृहिणींसाठी बहिःस्थ परीक्षेची सोय पुढे झाली. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलं. माझ्या आईनं तिथूनच, मी दहावीत असताना, पदवी पूर्ण केली. म्हणजे हजेरीशिवायही शिकता येतं, हे विद्यापीठांनी स्वतःच कबूल केलेलं होतं. पण नियमित विद्यार्थ्याला ७५ टक्क्यांची अट कायम होती.

आमच्या इंजिनिअरिंगच्या वर्षांत, १९९८ नंतर, ही अट सूचनाफलकावर लटकायची. तिला 'डिफॉल्टर लिस्ट' म्हणत. नाव लागलं की पालकांची सही, हमीपत्र, वैद्यकीय दाखला. बहुतेक दाखले एकाच डॉक्टरांचे असत आणि आजार बहुधा कावीळ. तासाला प्रॉक्सी लागे, पूर्ण वर्ग ठरवून गायब होई. पण एक गोष्ट मी तेव्हाही पाहिली होती. प्रॅक्टिकलला कोणी प्रॉक्सी लावत नसे. तिथे हातानं काहीतरी करायचं असे, जर्नलवर सही घ्यायची असे, सर नावानं ओळखत आणि तू आली नाहीस तर बॅचमधल्या दुसऱ्याचं काम अडे. आपण असण्या-नसण्यानं फरक पडतो हे जिथे दिसत होतं, तिथे आम्ही जात होतो. शंभर-सव्वाशेच्या वर्गात वही वाचून दाखवणाऱ्या तासाला मागचे दोन बाक रिकामे राहिले, तर त्या तासाला कळतही नसे.

आमच्यानंतर क्लासचा जमाना आणखी पुढे गेला. अकरावी-बारावी सायन्सची मुलं नावाला एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि दिवसभर क्लासमध्ये, अशी सरळ सोय निघाली. ती मोडायला २०१८ मध्ये राज्य सरकारनं सायन्सच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. तळहातावरच्या सरस्वतीपासून निघालेली हजेरी बोटाच्या ठशापाशी आली.

आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं, हजेरी कमी म्हणून विधी शाखेच्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्यापासून रोखू नये, असा निकाल दिला. २०१६ मध्ये दिल्लीतल्या एका विधी विद्यार्थ्यानं हजेरीच्या कारणावरून परीक्षेला मुकल्यानंतर जीव दिला होता. त्या प्रकरणातून हा निकाल आला. टक्केवारीचा एक आकडा कुठपर्यंत नेऊ शकतो, हे तिथे न्यायालयालाही पाहावं लागलं.

माझा मेसेज

आता नोकरीतली गोष्ट. साधारण बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या कंपनीला एका कॉलेजचं काम मिळालं. त्या कॉलेजचं नाव इथे देत नाही. हजेरी संगणकावर घ्यायची, टक्के रोजच्या रोज काढायचे आणि ७५ च्या खाली गेले की पालकांना आपोआप एसएमएस. तो एसएमएसचा भाग मी लिहिला. काम वेळेत झालं, चाचण्या नीट झाल्या, प्राचार्यांनी पेढे दिले.

सहा महिन्यांनी दुरुस्तीसाठी मी तिथे गेले होते. कार्यालयातल्या क्लार्क बाई चहा पिता पिता सहज म्हणाल्या, 'मॅडम, तुमचा मेसेज फार जोरात आहे हं. एका पोरीच्या बापाला गेला, तो दुसऱ्या दिवशी येऊन दाखलाच घेऊन गेला.' मी विचारलं, का? मुलगी सकाळचे दोन तास बुडवत होती. त्या वेळात ती एका पोळीभाजी केंद्रावर पोळ्या लाटायला जात होती, फीचे हप्ते भरायला. घरी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर कॉलेज बंद झालं असतं. मग मेसेज गेला आणि तसंच झालं. वडिलांना वाटलं, पोरगी कुठेतरी भटकते.

माझ्या प्रोग्राममध्ये चूक नव्हती. तिची हजेरी खरोखरच ६८ टक्के की काहीतरी होती. पण पट जे पाहतो तेवढंच मी पाहिलं होतं : आली की नाही. का आली नाही, याला माझ्या डेटाबेसमध्ये जागाच नव्हती. पंतोजी, शाहू महाराज, गोखले, जोतीराव यांच्याबद्दल मी वाचायला लागले ते त्या दिवसानंतर. वाचताना हळूहळू दिसलं, की गैरहजर माणसं दोन प्रकारची असतात. एक न येणारी, दुसरी येऊ न शकणारी. छडी, दंड, डिफॉल्टर लिस्ट हे सगळे उपाय पहिल्या प्रकारासाठी आहेत. विद्यावेतन, वसतिगृह, खिचडी, रुपया हे दुसऱ्यासाठी. आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की तो कामी येत नाही, उलट घातच करतो. पटावरची खूण मात्र दोघांचीही सारखीच.

मी वरिष्ठांशी भांडून पुढच्या आवृत्तीत एक बदल करून घेतला. मेसेज जाण्याआधी वर्गशिक्षकाला एक चौकट भरावी लागेल : 'विद्यार्थ्याशी बोलणं झालं का? कारण काय?' खरं सांगायचं तर बहुतेक जण यादीतलं पहिलं कारण निवडून पुढे जातात. नोंदींवरून मला ते दिसतं. पण थोडे जण खरंच लिहितात. 'आई दवाखान्यात.' 'एसटी सकाळी नाही.' 'विषय समजत नाही म्हणून येत नाही, म्हणाला.' त्या चार-दोन ओळींसाठी तो बदल मी आजही काढू देत नाही. ती मुलगी मात्र परत आली नाही. तिचं नावही मला ठाऊक नाही.

तेवीस नंबर

त्या चौकटीची कल्पना माझी नाही. ती आपल्या आठवीच्या वर्गशिक्षिकांची आहे. बाई मेळाव्याला येणार आहेत आणि हे वाचून 'मला काही आठवत नाही गं' म्हणणार आहेत. मला आठवतं.

आठवीत दिवाळीनंतर तेवीस नंबर यायची बंद झाली. तिचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हा सगळ्यांना ती आठवेल : दोन घट्ट वेण्या आणि वर्गात सर्वांत सुबक अक्षर. तिसऱ्या दिवशी हजेरी घेताना बाई थांबल्या, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, 'तिचं घर कोणी पाहिलंय?' मी हात वर केला. त्या संध्याकाळी बाई माझ्याबरोबर पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत आल्या. चढावर त्यांना दम लागला होता. घरात ती होती, कडेवर दोन-अडीच वर्षांचा भाऊ. आईला धुण्याभांड्यांची आणखी दोन कामं मिळाली होती आणि बाळाला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं.

बाईंनी रागावून काही म्हटलं नाही, फुकटचा उपदेशही केला नाही. थोडा वेळ बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, 'त्याला घेऊन ये.' दुसऱ्या दिवसापासून ते बाळ आपल्या शेवटच्या बाकावर बसायला लागलं. आठवतंय? मधल्या सुट्टीत आपण त्याला डब्यातली चपाती भरवायचो. गणिताच्या तासाला ते झोपायचं आणि सर आवाज खाली करून शिकवायचे. हे नियमात बसत नव्हतं. मुख्याध्यापकांनी ते पाहिलं होतं की पाहिलंच नाही, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

तिनं आठवी पूर्ण केली. हजेरीपट माझ्यासमोर आहे. नोव्हेंबरातले ते दिवस सोडले तर तेवीस नंबरच्या ओळीत एकही गैरहजेरी नाही. नववीच्या जुलैत त्यांचं बिऱ्हाड हललं आणि ती गेली. बाईंच्या एका फेरीनं तिला मिळालं ते एवढंच, एक वर्ष. नववीच्या पटावर तिचं नाव जुलैनंतरही कोणी खोडलेलं नाही. वर्ष संपेपर्यंत ती ओळ रिकामी आहे आणि चोवीस नंबर चोवीसच राहिला आहे.

माझ्या यादीत आजच्या तारखेला सगळ्यांच्या पुढे काही ना काही भरलं गेलं आहे. आपले दोन मित्र आणि एक मैत्रीण आता या जगात नाहीत, त्यांच्या पुढे काय लिहायचं ते मला सुचलं नाही, म्हणून त्यांच्यासाठी स्मरणिकेत वेगळं पान केलं आहे. 'संपर्क झाला नाही' या रकान्यात एकच नाव उरलं आहे, तेवीस नंबरचं. तिचा भाऊ आता पस्तिशीचा असेल. त्यांचं घर तेव्हा हडपसरच्या बाजूला गेलं, एवढंच ऐकलं होतं.

कोणाला काही ठाऊक असेल तर मेळाव्याच्या आधी मला किंवा समितीतल्या कोणालाही कळवा. ठाऊक नसेल तर निदान विचारून बघा. हजेरी घेताना बाई तिच्या नंबरपाशी थांबल्या होत्या. मेळाव्याच्या दिवशी मी नावं वाचणार आहे आणि बाईंच्या समोर तो नंबर गाळून मला पुढे जायचं नाही.